मिंदोचा ओढा, दोन रात्री आणि एक झाडबेडूक

इक्वाडोरच्या राजधानीत, किटोत, ‘उंचीची सवय होऊ दे’ म्हणून एक दिवस काढला, तो फुकटच गेला. किटो २८५० मीटरवर, जिना चढतानाही धाप लागते. पण मिंदो गाव साधारण १३०० मीटरवर आहे. बसने दोन तास, रस्ता उतरत जातो आणि डोकं आपोआप हलकं होतं. बेडकांसाठीच जात असाल तर सरळ मिंदो गाठा.

मला बघायचा होता तंदायापाचा झाडबेडूक, शास्त्रीय नाव हायलोसिर्टस अलिटोलायलॅक्स. शेजारच्या तंदायापा गावात सापडलेल्या नमुन्यावरून १९७२ साली त्याचं वर्णन झालं. अँडीजच्या पश्चिम उतारावरच्या, सतत ढगांत बुडालेल्या जंगलात, वाहत्या ओढ्याकाठी राहतो.

पहिल्या रात्री मी कॅनव्हासचे बूट घालून गेलो. दहा मिनिटांत मोजे पिळून काढावे लागले. तिथे सगळे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालतात, भाड्यानेही मिळतात. घाईघाईत पानन्‌पान टॉर्चने धुंडाळलं आणि हाती काही लागलं नाही. (आंबोलीच्या सवयीने जळवांसाठी तंबाखूची पुरचुंडी नेली होती. एकही जळू दिसली नाही.)

दुसऱ्या रात्री गाईड म्हणाला, दिवे बंद करा, बसा. ओढ्याचा खळखळाट कानात मुरायला वेळ लागतो. मग त्याच्या वरच्या पट्टीत एक बारीक चिवचिव वेगळी ऐकू यायला लागली. लाल प्रकाशात तो दिसला: पाण्यावर झुकलेल्या पानाच्या टोकाशी, अंगठ्याच्या पेरापेक्षा जरा मोठा, हिरवा, बोटांच्या टोकांना गोल चकत्या. ओरडताना गळ्याखाली फुगा येई आणि पान किंचित हले.

विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर सहा-साडेसहालाच मावळतो, त्यामुळे सातला निघता येतं. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर उत्तम. हाताला डासांचं मलम लावलं असेल तर बेडकाला अजिबात हात लावू नका. त्याची कातडी सगळं शोषते. मलम नसलं तरी लावू नकाच. दुसऱ्या जंगलातून येत असाल तर बूट घासून, निर्जंतुक करून वाळवा. कायट्रिड या बेडकांच्या कातडीवर वाढणाऱ्या बुरशीने अँडीजमधले किती तरी बेडूक संपवलेत आणि ती चिखलातून पसरते.

चलन अमेरिकी डॉलर. छोट्या नोटा ठेवा, वीसची मोडायलाही दुकानदार कुरकुरतो. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या आणि प्रमाणपत्र हातातल्या बॅगेत ठेवा. परतताना भारतातल्या विमानतळावर ते मागतात. माझं चेक-इन बॅगेत होतं.