डेन्सची फट

कॅज्युअल्टीतून रेसिडेंटचा फोन आला. "मॅडम, सी-२ सी-३ वर सरकलाय. चार वर्षांचा मुलगा. न्यूरोसर्जरीला पाठवून देऊ?" सी-२ म्हणजे मानेचा दुसरा मणका, सी-३ तिसरा.

मुलगा स्कूटरवर बापाच्या पुढ्यात उभा होता. आपल्याकडे ही जागा मुलांचीच, त्याला कोण काय करणार! पुढच्या रिक्षाने ब्रेक मारला आणि हा डोक्यावर पडला. हातपाय व्यवस्थित हलवत होता. आई म्हणाली, "बोर्डवर झोपवेपर्यंत दोन्ही हातांनी डोकं धरूनच बसला होता, सोडेच ना." फिल्म बघायच्या आधी मला भीती वाटली ती या वाक्याची. मान आतून अस्थिर असली की मूल असंच डोकं सावरून धरतं.

लॅटरलवर, म्हणजे बाजूने काढलेल्या एक्स-रेवर, दुसरा मणका तिसऱ्याच्या पुढे आलेला होता खरा. पण आठ वर्षांखाली हे पुष्कळदा नॉर्मल असतं. अस्थिबंध सैल, मणक्यांना जोडणारे फॅसेटचे सांधे आडवे, अंगाच्या मानाने डोकं मोठं. शिवाय मोठ्यांची मान सी-५-६ पाशी वाकते, लहानांची सी-२-३ पाशी. हे नॉर्मल सरकणं की खरी इजा ते ओळखायलाच रेडिओलॉजिस्ट स्विशुक यांची १९७७ सालची रेघ आहे. पहिल्या आणि तिसऱ्या मणक्याच्या मागच्या कमानी जोडायच्या आणि दुसऱ्याची कमान रेघेपासून किती दूर ते मोजायचं. दोन मिलिमीटरच्या वर गेलं की काळजी. इथे जेमतेम एक.

"म्हणजे नॉर्मल!" रेसिडेंट सुटल्यासारखा हसला.

"सी-२-३ नॉर्मल. अख्खी मान नव्हे."

पोरगं सपाट बोर्डवर होतं, त्यामुळे मोठ्या डोक्याने मान पुढे झुकलेली. एकाने डोकं धरलं, बाकीच्यांनी अंग एकसंध उचललं आणि खांद्यांखाली चादरीची घडी सरकवली. पुन्हा फिल्म. सी-२-३ ची पायरी गेली, पण वरचा डेन्स, म्हणजे दुसऱ्या मणक्याचा वर आलेला सुळका, पुढे कललेला होता तो तसाच राहिला. डेन्स आणि त्याखालचा त्याच मणक्याचा मुख्य भाग यांच्यामध्ये या वयात कूर्चेची पट्टी असतेच. साधारण सहाव्या वर्षापर्यंत ती भरते. त्यामुळे नुसती काळी रेघ दिसली म्हणून फ्रॅक्चर म्हणता येत नाही. इथे मात्र ती मागच्या बाजूला फाकली होती. घशामागची सावलीही जाड होती, पण रडणाऱ्या मुलात ती तशीही फुगते, म्हणून मी ती हिशेबात धरली नाही.

सीटीच्या आडव्या कापांत काहीच दिसेना. दिसणार कसं? फटही आडवीच, कापांना समांतर. सॅजिटलमध्ये, म्हणजे बाजूने बघितलेल्या उभ्या कापांत, लगेच सापडली. एमआरआयमध्ये भोवती सूज होती, मज्जारज्जू शाबूत.

बापाने विचारलं, "ऑपरेशन लागेल का हो?" मी सांगितलं, ते सर्जन ठरवतील, पण या वयात ही फट बहुतेक वेळा हॅलो-व्हेस्टमध्ये, म्हणजे डोक्याभोवतीचं कडं छातीवरच्या जाकिटाला जोडून, मान स्थिर ठेवूनच जुळते.

पुण्याला पाठवताना खांद्यांखालची घडी तशीच ठेवली. ट्रान्सफर नोटवर पहिल्याच ओळीत "सी-२-३ सबलक्सेशन", म्हणजे मणका अर्धवट सरकलाय, असं लिहिलेलं होतं. ते रेसिडेंटला खोडायला लावलं, नाहीतर पुढचा माणूसही आधी तिथेच बघत बसला असता.