मधे बारीक, टोकांना जाड

मंगळवार, रात्री

मिरकरवाडा बंदरावर चाचांच्या लेथवर आज माझ्या घरी बांधलेल्या गाडीच्या मागच्या एक्सलचा पहिला शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, चढला. चाचांचं खरं काम ट्रॉलरचं, गाड्यांची कामं ते सहसा घेत नाहीत. माझं घेतलं, कारण सळई मीच नेऊन दिली आणि घाई नाही म्हणालो. रत्नागिरीत लेथ काय, मिरजोळे एमआयडीसीतही आहेत. पण शाफ्ट तुटतो कसा, हे वर्षानुवर्षं बघितलेला माणूस बंदरावरच भेटतो. भर समुद्रात प्रोपेलरचा शाफ्ट गेला की दुसरी बोट बोलवायची, ओढत आणायचं, आणि मासळी बर्फात किती टिकेल याचा हिशोब करत बसायचं. म्हणून चाचांनी तुटक्या शाफ्टचे तुकडे खिडकीत रांगेने मांडून ठेवलेत. बिघडलेल्या कामाचा असा संग्रह मी दुसऱ्या कुठल्या वर्कशॉपमध्ये पाहिलेला नाही.

त्यातला एक उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. तुटलेल्या तोंडावर एका कोपऱ्यातून निघून पसरत गेलेल्या बारीक कमानदार रेषा, जवळजवळ अर्ध्या गोलापर्यंत. तेवढा भाग गुळगुळीत. उरलेला खरबरीत, दाणेदार. रेषा म्हणजे तडा दिवसेंदिवस सरकत होता ती वाट, आणि दाणेदार भाग म्हणजे शेवटच्या झटक्यात गेलेला. वाट जिथून सुरू झाली होती, तो चावीच्या (शाफ्टवरचा भाग घसरू नये म्हणून ठोकतात त्या पट्टीच्या) खाचेचा काटकोनी कोपरा होता.

"मधे नाय तुटत रे बाळा," चाचा म्हणाले. "माप बदलतं तिथे तुटतो."

माझ्या गाडीची सगळी गोष्टच या वाक्यात आली. पाइपच्या चौकटीची दोन माणसांची गाडी, मागची चाकं ओढणारी. एक्सल मजबूत करायचा म्हटलं की जो तो सांगतो, जाड शाफ्ट टाक. जाडीचा फायदा आहेच. पिळाला शाफ्ट किती दाद देतो हे व्यासाच्या घनावर ठरतं, त्यामुळे 28 मिमीचा 32 केला तर ताकद जवळपास दीडपट होते. पण त्या 32 च्या टोकावर स्प्लाइनच्या, म्हणजे जोडणीच्या उभ्या दातांच्या, खाचा पाडल्या की खाचेच्या तळाशी 29 च उरतात. वर मधला भाग 32 चा ठणठणीत ठेवला, तर पीळ मधे कुठे मुरतच नाही, सगळा येऊन खाचा संपतात तिथेच बसतो. म्हणून मधला भाग खाचेच्या तळापेक्षाही बारीक करायचा, 28 वर, आणि दोन्ही टोकांकडे लांब उताराने चढवत न्यायचा. लोखंड काढून टाकायचं आणि शाफ्ट जास्त टिकवायचा! गॅरेजमध्ये हे सांगितलं तेव्हा पोरं माझ्याकडे बघतच राहिली. चाचांना समजवावं लागलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "उतार किती लांब देऊ?"

आकडे इथे लिहून ठेवतो, नाहीतर वहीचं ते पान ग्रीसमध्ये जाईल. इंजिनाचा टॉर्क 150 न्यूटन-मीटर, पहिला गिअर 3.6, क्राउन-पिनियन (एक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) 4.1. गुणाकार 2214, म्हणजे एका चाकाच्या वाट्याला 1100 च्या आसपास. पण तेवढा शाफ्टवर येतो कुठे? गाडी उठताना मागच्या एका चाकावर 275 किलो भार धरला, चाकाची त्रिज्या 30 सेंटिमीटर, आणि कोरड्या सिमेंटवर चांगल्या टायरची पकड भाराइतकी, तर 800 न्यूटन-मीटरला टायर घसरायला लागतो. पावसात शेवाळलेल्या कातळावर याच्या निम्म्याच्याही आत. शाफ्टवर किती येणार हे टायर ठरवतो. आपल्याकडे चार महिने एक्सल कुणाचा तुटत नाही, कारण चाक जागच्या जागी फिरून मोकळं होतं. पाऊस सरला, मऊ रबराचे टायर घातले आणि क्लच झटक्यात सोडला, की मग फ्लायव्हीलचा धक्काही वरून येतो आणि चाक उड्या मारायला लागलं तर प्रत्येक उडीला हातोडा. तेव्हा 800 चे दुप्पट धरूनच चाललोय.

गुरुवार

दुसरा शाफ्टही झाला. सळई ईएन-24 ची, निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचं पोलाद. साधं ईएन-8 निम्म्याहून कमी पैशात मिळालं असतं, पण ते दुपटीच्या धक्क्याला पिळून तसंच राहिलं असतं. स्प्लाइनच्या मुळाशी आणि उताराच्या सुरुवातीला चाचांनी गोलाई देऊन बारीक पॉलिश पेपर मारला, तोही शाफ्टच्या लांबीच्या दिशेने, आडवा नाही. आडवा ओरखडा म्हणजे तड्याला आयती सुरुवात. मग लगेच तेलाचं फडकं. खाडीकडून वारं येतंय, पोलाद रात्रभर उघडं राहिलं तर सकाळी तांबूस झालंच. आणि गंजाचा खड्डा हाही ओरखडाच.

आता कोल्हापूर. आंबा घाट चढून उद्यमनगरला जायचं, हीट ट्रीटमेंट तिथून होईल. 850 अंशांच्या आसपास तापवून तेलात, मग 550 ला टेम्पर, म्हणजे परत तापवून थोडं नरम, की कडकपणा 38-40 रॉकवेलवर यावा. आणखी कडक नको. कोयतीला पाणी जास्त झालं की धार दिसते झकास, आणि पहिल्याच नारळावर तुकडा उडतो. चाचांनी एकच बजावलं: शाफ्ट उभा टांगून तेलात सोडायला सांग, आडवा सोडला तर केळं होऊन परत येईल.

आईने जेवताना विचारलं, एवढं सगळं करून गाडी रस्त्यावर कधी आणणार. आणणार नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर स्पष्ट सांगितलंय, कंपनीनं दिलेल्या मूळ वर्णनाला सोडून गाडीत बदल चालणार नाहीत. माझ्या गाडीला तर मूळ वर्णनच नाही. टेम्पोत घालून मामाच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर न्यायची, तिथे फिरवायची. तोही सडा आधी पायांनी फिरून, झाडून बघितलाय. उक्षी, जांभरुण सगळीकडे कातळशिल्पं सापडलीत, 2022 मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेली. हजारो वर्षांच्या रेघेवर मी टायर घासला तर मामा मला वाडीत पाऊल ठेवू देणार नाही, आणि बरोबरच आहे त्याचं.

"मग एवढा खर्च कशाला?" हे आईचं पुढचं वाक्य. मी आमटी वाढून घेतली.

रविवार

आज हाउसिंग. शाफ्ट कितीही चांगले केले तरी ज्या नळीत ते फिरणार ती वाकली तर उपयोग शून्य. एक्सल फुल-फ्लोटिंग केलाय, ट्रकचा असतो तसा. गाडीचं वजन नळीच्या टोकाला बसवलेल्या हबच्या बेरिंगांवर, शाफ्टकडे फक्त पिळाचं काम. वजन काही किलो वाढलं, तेही स्प्रिंगच्या खालचं, जिथे किलो सगळ्यात महाग पडतो. पण साध्या कारच्या सेमी-फ्लोटिंग एक्सलमध्ये शाफ्ट गेला की बऱ्याचदा चाकही शाफ्टसकट बाहेर येतं. यात चाक जाग्यावर राहतं. वजनाबद्दल कुणी काहीही म्हणो, मला हे पटतं.

नळीच्या मागून पट्टी वेल्ड करून कणा द्यायचा होता. वेल्ड थंड होताना आक्रसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो, मग दोन्ही चाकं वेगवेगळीकडे बघायला लागतात. यावर चाचांनी काढलेली युक्ती मला जाम आवडली. एका बोटीचा जुना स्टेनलेसचा शाफ्ट त्यांच्याकडे पडून होता, चांगला सरळ. बेरिंगच्या जागांवर आणि मधे डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या) जागी लेथवर कातलेल्या चकत्या बसवल्या आणि तो शाफ्ट या टोकातून त्या टोकापर्यंत घातला. हाताने सहज फिरत होता. मग इथे दोन इंच वेल्ड, तिथे दोन इंच, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि मधे मधे तो फिरवून बघायचा. एकदा जड झाला. चाचांनी काही न बोलता नळीच्या उलट्या बाजूला गॅसचा टॉर्च लावला, एक ठिपका लाल केला, थंड होऊ दिला. परत फिरायला लागला.

क्राउन-पिनियनचं फार लिहीत नाही. जुनंच आहे, दात चांगले आहेत. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, 0.15 ते 0.20 मिमीच्या मधे आणायचा, दातांना ब्लू (निळा रंग) लावून ठसा दाताच्या मध्यावर येतो का बघायचं, शिमच्या पातळ चकत्या बदलत बसायचं. जुन्या सीजे-3बी जीपचा 5.38 चा सेट फुकट मिळत होता, नको म्हटलं. माझ्या चाकांवर ताशी 100 ला टॉप गिअरमध्ये इंजिन 4700 च्या वर गेलं असतं, 4.1 वर 3600 च्या आसपास राहतं.

एक्सल भक्कम झाला म्हणजे तुटायची पाळी दुसऱ्या कुणावर तरी येणार. ती गाडीच्या प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंतच्या दांड्याच्या) क्रॉसवर, म्हणजे त्याच्या सांध्यावर, यावी असं मी ठरवलंय. क्रॉस स्वस्त, खाली झोपून अर्ध्या तासात बदलता येतो. फक्त तो गेला तर प्रोपेलरचं टोक जमिनीत रुतून गाडी उचलू नये, म्हणून दोन्हीकडे पट्टीची कडी वेल्ड करायची आहे.

शाफ्ट कोल्हापूरहून आले की त्यांवर एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पिवळ्या रंगाची सरळ रेघ ओढणार. 800 न्यूटन-मीटरला 65 सेंटिमीटरचा हा शाफ्ट हिशोबाने सहा अंश पिळतो आणि सोडला की परत येतो. सड्यावर काही फेऱ्या झाल्या की शाफ्ट ओढून बाहेर काढायचा. फुल-फ्लोटिंगचं आणखी एक सुख, चाक न काढता शाफ्ट निघतो. रेघ सरळ असली तर पुसून, तेल लावून परत आत. तिरकी दिसली तर चाचांच्या खिडकीत जागा आहेच.