४४ डिग्रीत ओव्हरक्लॉक?

भाऊ दोन दिवसांपासून मागे लागलाय, "दादा, आफ्टरबर्नरमध्ये क्लॉक वाढव ना, गेम अडकतोय." आफ्टरबर्नर म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा वेग, म्हणजे क्लॉक, बदलायचं सॉफ्टवेअर; ठरलेल्यापेक्षा वेग वाढवला की झालं ओव्हरक्लॉक. आपलं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५०. ७५ वॅटचं, वेगळी पॉवर केबल नाही. सगळी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधून, आणि स्लॉटची मर्यादाही तेवढीच! वाढवून वाढणार किती? त्यात भुसावळचा मे महिना.

आज कॉम्प्युटरची केस उघडली. पंख्याच्या पात्यांवर धुळीचा करडा थर, कार्डाची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या फटी पार बुजलेल्या. ब्रशने साफ केलं, तर त्याच गेममध्ये तापमान ८३ वरून थेट ७४. इतका आनंद झाला!

बाबांनी केळीच्या पैशातून घेतलेलं कार्ड आहे, जाळायची हिंमत नाही. क्लॉक आहे तसाच ठेवला, गेममधल्या सावल्या (शॅडो) कमी केल्या. पाऊस पडला की थोडं वाढवून बघू, असं भावाला कबूल केलंय.