सेक्टर नंबर आठ

शिरपूरला मामांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईचं सगळं शूटिंग लिनक्सच्या एका जुन्या पीसीत, 4 टीबीच्या दोन डिस्कवर जायचं. रेड 1, म्हणजे जे एकीवर तेच दुसरीवर. बसवून मीच दिलं होतं, आणि आळसापायी पार्टिशन, म्हणजे डिस्कचे कप्पे, न पाडता अख्ख्या डिस्कच जोडल्या होत्या. मे महिन्यात लाइट ये-जा करत होती, त्यात एका दुपारी मदरबोर्ड गेला.

डिस्क काढून धुळ्याला घरी आणल्या. हाताशी विंडोजचा पीसी होता. पहिली लावून डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर विचारतोय, डिस्क इनिशिअलाइज (वापरायला तयार) करायची, एमबीआर की जीपीटी? पार्टिशनची यादी ठेवायच्या या दोन पद्धती. त्याशिवाय ती दिसणारच नाही असं वाटलं, ओके दाबलं. डिस्क कोरी करकरीत! पोटात गोळा आला. दुसरी हातातच होती, ती हळूच गादीवर ठेवली.

तेवढ्यात मामांचा फोन. "काय व्हयनं भो, शे ना समदं?"

"बघतोय मामा."

रात्री पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि दोन्ही डिस्कवर एमडीॲडमचं, म्हणजे लिनक्समध्ये रेड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं, एक्झामिन चालवलं. दुसरीने रेडची अख्खी कुंडली दाखवली. पहिलीवर एमबीआरची सही, एक 'ईई' प्रकारचं पार्टिशन, म्हणजे जीपीटीची खूण, बस. घोळ तिथे कळला. एमडीॲडमचा 1.2 नमुना रेडची नोंद डिस्कच्या सुरुवातीपासून 4096 बाइटवर ठेवतो, म्हणजे 512 बाइटचा एक सेक्टर (डिस्कचा लहान तुकडा) या हिशोबाने सेक्टर 8. त्याआधीची जागा रिकामी, म्हणून विंडोजला डिस्क कोरी वाटते. आणि जीपीटीची यादी बसते सेक्टर 2 ते 33. नोंद नेमकी तिच्याखाली चिरडली. फोटो मात्र 264192 व्या सेक्टरपासून पुढे, म्हणजे 129 एमबी लांब. घर उभं होतं, दारावरची पाटी पुसली गेली होती.

दुसऱ्या डिस्कलाही ओके दाबलं असतं तर? नकोच तो विचार.

दुसरी एकटीच असेंबल केली, म्हणजे रेड म्हणून सुरू केली. सोबत 'रीडओन्ली', म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाऊ नये, आणि 'रन', नाहीतर जोडीदार नाही म्हणून ॲरे (रेडची जोडी) सुरूच होत नाही. आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. मग बिघडलेलीवर नीट पार्टिशन पाडलं, प्रकार 'एफडी00', म्हणजे लिनक्स रेड. शेवटी 100 एमबी मोकळी सोडली, कारण उद्या दुसऱ्या कंपनीची 4 टीबी काही सेक्टरने लहान निघू शकते. त्या पार्टिशनवर नवा ॲरे, दुसऱ्या जागी 'मिसिंग', म्हणजे जोडीदार नंतर येईल. डेटा त्यात परत भरून, तपासूनच दुसरी डिस्क पुसली, तिच्यावर तसंच पार्टिशन पाडून जोडीला दिली. सिंकला, म्हणजे दोन्ही सारख्या व्हायला, सात तास लागले, रात्रभर इन्व्हर्टरकडे बघत बसलो.

आता डिस्क विंडोजला लावली तर पार्टिशन दिसतं आणि तो इनिशिअलाइज विचारत नाही. फॉरमॅट करू का, हेही विचारत नाही. मामांनी कॅबिनेटवर चिठ्ठी चिकटवलीय, भाच्याला विचारल्याशिवाय हात लावू नये. ओके कोणी दाबलं होतं, ते मी अजून सांगितलेलं नाही.