सुपाखालचे बूट

२७ मे, रात्र

बूट काळे होते, नवेकोरे. आत कोंबलेला कागदाचा बोळासुद्धा काढलेला नव्हता. शेजारी टायची गुंडाळी, निळ्या-लाल पट्ट्यांची. मी कट्ट्याच्या पायरीवर पाय ठेवायला आणि तिनं हातातलं सूप त्याच्यावर पालथं घालायला एकच गाठ पडली. पिलांवर डालगं टाकतात तसं, झपकन. बियाण्याचं भात पाखडत बसली होती. सुपातलं भात पोत्यावर ओतलं गेलं, थोडं खाली सांडलं. मग पदराला हात पुसत म्हणाली, "या की बाई. बसा. च्या ठेवतो."

आणि मी बसले.

घरी येऊन तीन तास झाले. वीज गेली होती ती आत्ता आली. एवढा वेळ अंधारात एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. तिनं ते झाकलं का?

पोरगं दुसऱ्या शाळेत घातलंय, ठीक आहे. तेरा घरं फिरले त्यातल्या सात घरांत तेच ऐकलं, आणि त्यातलं एकही मनाला लागलं नाही. वरच्या गल्लीतल्या सासूबाई तर तोंडावर म्हणाल्या, "आमची व्हॅन येतीया दारात, तुमच्या शाळंत कशाला?" बरं वाटलं, खरंच. स्पष्ट बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. मी भांडलेसुद्धा. पण झाकलेल्या गोष्टीशी काय भांडायचं.

दरवर्षी हेच असतं. २९ ला आमची बेळगावकडची सरकारी मराठी शाळा उघडायची, त्याआधी 'दाखलातीचं आंदोलन', म्हणजे पहिलीला पोरं मिळवायची मोहीम. अंगणवाडीतून यादी आणायची, सहाची झालेली पोरं हेरायची आणि उन्हातून दारोदार. त्यात रोहिण्या लागलेल्या. दोन वळीव बरे झाल्यामुळं सगळं गाव धूळवाफ पेरणीत. दुपारी घरात एक म्हातारी आणि एक मांजर, बाकी सगळे कुरीमागं. म्हणून आज संध्याकाळचं गेले. हेडसर म्हणाले, "बाई, तुमचं ऐकतात लोक." हे वाक्य ते प्रत्येक मे महिन्यात म्हणतात आणि स्वतः ऑफिसात एसएटीएसचं, म्हणजे पोरांच्या ऑनलाइन नोंदीचं, काम करत बसतात. असो.

मग मी दारात उभी राहून सांगायला लागते. पुस्तकं फुकट. गणवेश फुकट. बूट-मोजे. दूध. दुपारचं जेवण, आठवड्याचे सहा दिवस अंडं नाहीतर केळं. इंग्रजी पहिलीपासून आहे, कन्नडही आहे. बोलताना माझा आवाज मलाच ऐकू येतो. सोमवारी भाजीवाली ओरडत जाते ना, "कोत्तमीर, मेथी, दहाला दोन", अगदी तसा. अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली. पहिल्या दहा वर्षांत कुणाच्या दारात गेल्याचं आठवत नाही. लोक पोरं घेऊन यायचे. जूनच्या पहिल्या दिवशी व्हरांड्यात रांग, आजोबा लोकांची जास्त. "बाई, ह्येला बसवून घ्या, वय लिवा तुमच्या मनानं." म्हणून त्या वेळच्या निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून.

आणि आज मी अंडं-केळं सांगत फिरतेय.

चहा तिनं चांगला केला होता. आलं घालून. पोरगं दारामागं उभं होतं, मोठे डोळे करून. "नाव सांग बाईंना," तर सांगेना. मी म्हटलं, "मग घालतीस न्हवं आमच्याकडं?" तर म्हणाली, "घालतो की बाई. तुमच्या हाताखाली मी शिकलो, आता ह्ये दुसरीकडं जाईल व्हय?" हे म्हणताना माझ्याकडं बघत नव्हती. सुपाकडंही बघत नव्हती. एवढं न बघण्याचं कसब फक्त खोटं बोलणाऱ्याला लागतं.

मीही काय केलं? जन्मदाखला, आधार, रेशन कार्ड, लसीचं कार्ड, सगळं काढून ठेव म्हटलं. जातीचा दाखला नसेल तर अर्ज करून ठेव म्हटलं. गणवेशाचं माप घ्यायचंय, २९ ला घेऊन ये म्हटलं. तिनं प्रत्येकाला "व्हय बाई" म्हटलं. पाच हातांवर सूप, त्याखाली बूट, आणि आम्ही दोघी त्या पोराच्या पहिलीची तयारी करत बसलो होतो. कुणी बाहेरून ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, केवढी ही ओढ मराठी शाळेची.

लाज वाटली असेल का तिला? पण लाज कशाची, पैसे तिचे, पोर तिचं. नवरा उद्यमबागेत फौंड्रीत जातो, पाळी करून करून डोळे लाल. त्यानं ठरवलं असेल. त्याला तिथं साहेबाशी कन्नडात बोलावं लागतं, कागद इंग्रजीत येतात, मराठी फक्त डबा खाताना. त्याला काय पाहिजे ते मला कळतं.

माझी भीती वाटली असेल? मी बोलते तोंडावर, हे गावाला माहीत आहे. तसं असेल तर चालेल. बरं वाटेल उलट.

पण मला वाटतं, तसं नव्हतं. मला वाटतं, कीव होती. सुतकातलं माणूस दारात आलं की आपण ताटातलं गोडधोड आत सरकवतो, तसं. आपल्या घरातलं बरं चाललेलं तिच्या डोळ्यावर नको. बाई येतायत, बाईंची शाळा अशी, बाईंना वाईट वाटेल. झाका.

हे लिहिताना हात थांबला. म्हणजे मी आता ती झाले. जिच्यासमोर झाकायचं असतं ती.

धाकटीला फोन केला होता मघाशी. सगळं सांगितलं. म्हणाली, "आई, तू प्रत्येक गोष्ट काळजाला लावून घेतेस. वर्ष राहिलंय तुझं." नातू मागून काहीतरी इंग्रजी कविता म्हणत होता, मोठ्यानं. त्याच्या शाळेविषयी मी काही विचारत नाही. तीही सांगत नाही. तेही एक—

जाऊ दे.

पाच दिवसांनी १ जून. हिंडलग्याला हुतात्मा स्मारकाला हार घालायला लोक जातील. ८६ ला कन्नडसक्तीच्या विरोधात उठलेल्या आंदोलनात गोळीबार झाला तेव्हा मी कॉलेजात होते, आणि बाबा दोन रात्री घरी आले नव्हते. आई दाराला कडी न लावता बसली होती. आता मी सरकारी नोकर, बसमधनंच हात जोडते. आणि त्याच आठवड्यात पहिलीच्या वर्गात फळ्याच्या एका बाजूला मराठी अ आणि दुसऱ्या बाजूला कन्नड अ मीच लिहिते, आणि खरं सांगायचं तर कन्नड अ मला जास्त वळणदार येतो. हार घालणाऱ्यांची नातवंडं कुठं शिकतात यावर मी लिहिणार नाही. पुष्कळांनी लिहून झालंय, आणि आत्ताच नातवाची कविता ऐकलीय.

येताना बसमध्ये शेजारी सीमेपलीकडच्या शिनोळीची एक बाई होती. कर्नाटकातल्या बायकांना बस फुकट. तिचं आधार महाराष्ट्राचं, तिला तिकीट काढावं लागलं, मला शून्याचं. ती हसत म्हणाली, "तुमचं बरं हाय बाई." तिचा भाचा आमच्या गावचा, तिच्याकडंच आलाय सुट्टीला. मी लगेच विचारलं, कधी पाठवताय? तर म्हणाली, "आमच्या पोरांची शाळा जूनच्या मधी, तवर खेळूंदे की दोघं." झालं. दरवर्षी आमची चार-पाच पोरं अशी मामा-मावशीकडं अडकतात. इकडं शाळा भरून पंधरा दिवस होतात, तिकडं त्यांच्या मामेभावांची सुट्टी चालू. सीमा काय असते ते त्या पोरांना विचारावं. दोन आठवडे जास्तीचे आंबे, जास्तीचे फणस.

सीआरपींचा, म्हणजे आमच्या भागातल्या शाळांवर लक्ष ठेवणाऱ्यांचा, फोन बसमध्येच आला. "बाई, पहिलीला एष्टु?" किती, म्हणून विचारलं. 

"एळु," मी म्हटलं. सात.

सहा आहेत. सातवा सुपाखाली आहे. खोटं कन्नडात बोलताना तेवढं जड गेलं नाही. पण रजिस्टरच्या कच्च्या यादीत मी त्याचं नाव पेन्सिलनं लिहिलंय, तेव्हा पूर्ण खोटंही नाही. आकडा कमी भरला तर काय होतं ते आम्हा दोघांनाही माहीत आहे, आणि आम्ही त्यावर बोलत नाही.

पुन्हा तेच. का झाकलं?

आता साडेअकरा झाले. मघाशी गोळी घ्यायला उठले आणि एकदम डोळ्यांसमोर आलं. पाटी! २००४ ची पहिली. खिडकीकडची दुसरी रांग. वजाबाकी चुकली की ही पोरगी पाटी फ्रॉकच्या घेराखाली सरकवायची आणि दोन्ही हात वर मांडीवर ठेवून बसायची, पुजेला बसल्यासारखी. "झालं का गं?" "व्हायलंय बाई." घेराखालून पाटीचा लाकडी कोपरा दिसत असायचा. मी कधी ओढून काढली नाही. फळ्याकडं वळायचे, दुसऱ्या कुणाला तरी विचारायचे, तेवढ्यात ती थुंकी लावून पुसून पुन्हा मांडायची. वर्षभर हा खेळ. तिला वाटायचं बाईंना कळत नाही.

आजचा चेहरा तोच होता. अगदी तोच. तेव्हा पाटी होती, आता बूट, आणि सूप पालथं घातलं तरी टायचं टोक बाहेर राहिलंच होतं. वीस वर्षांत कौशल्य म्हणून काही वाढलं नाही पोरीचं.

एकटीच हसले. ह्यांनी कूस बदलली, "काय झालं?" म्हणाले. काही नाही म्हटलं. झाकलं मीही.

आणि कीव-बीव काय नसेल. तिचं गणित चुकलंय का बरोबर आहे, हे तिचं तिलाच अजून कळलेलं नसेल. उत्तर पक्कं झाल्याशिवाय बाईंना दाखवायचं नाही, एवढंच ती माझ्याकडं शिकली असेल. किंवा मी हे झोप लागावी म्हणून म्हणत असेन.

एक मात्र सांगायला पाहिजे होतं, ते राहिलं. ते बूट मोठे आहेत. दोन बोटं तरी. बुटांचं मला कळतं. सरकार पहिली ते पाचवीच्या पोरामागं बूट-मोज्यांचे २६५ रुपये देतं, एक जोड बूट आणि दोन जोड मोजे. त्यात बसवायला मी आणि शाळेच्या समितीचे अध्यक्ष बेळगावच्या गणपत गल्लीतली दुकानं दरवर्षी पालथी घालतो. त्याआधी 'तरुण भारत'च्या रद्दीवर पोरांना उभं करून पेन्सिलनं पाऊल काढून घ्यायचं. गुदगुल्या होतात, पोरं खिदळतात, पाऊल हलतं, सगळ्यांचे अंगठे वाकडे येतात. तिनं पोराला न नेता घेतलेत, नाहीतर दोन वर्षं चालावेत म्हणून मुद्दाम. कागदाचा बोळा काढलाच नव्हता, म्हणजे बोळ्यासकटच घालणार. आणि आमच्याकडच्या जूनमध्ये? दोन पावसांत सोल सुटेल. इंग्रजी शाळेतलं असो नाहीतर आमच्यातलं, जुलैत प्रत्येक पोर बूट पिशवीत आणि पाय चिखलात असंच येतं. सुरुवातीला प्लास्टिकची चप्पल घे, बूट दसऱ्यानंतर काढ, एवढं तिला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण सांगणार कसं? मी तर बूट बघितलेच नाहीत.

छत्री सापडत नाहीये. पिशवीत नाही, दाराच्या मागं नाही. बसथांब्यावर भिजले तेव्हाही नव्हती. म्हणजे तिच्याच कट्ट्यावर राहिली, चहाच्या कपाजवळ.

उद्या आणायला जायला हवं. त्याच गल्लीत अजून दोन घरंही बाकी आहेत. विहिरीपासनंच हाक मारत जाईन, मोठ्यानं, म्हणजे तिला काय झाकायचं ते झाकायला वेळ मिळेल.