आठवडी बाजारातला सांडा

पोळ्याच्या आधीचा आठवडी बाजार होता, यवतमाळ जिल्ह्यात. वनरक्षकाने रस्त्यावरच्या तेलवाल्याकडून जप्त केलेलं पोतं आमच्या जनावरांच्या दवाखान्यात आणलं. "डॉक्टरसाहेब, हे घोरपडीचे पिल्लं हायेत का जी?"

नव्हती. घोरपडीची शेपटी चाबकासारखी निमुळती, जीभ दुभंगलेली. इथे शेपटी जाड, कड्याकड्यांनी काटे, मांडीच्या पुढच्या अंगाला निळसर काळा डाग. हा सांडा, काटेरी शेपटीचा सरडा. थरच्या आणि कच्छच्या कोरड्या सपाटीवरचा प्राणी. विदर्भात तो राहत नाही, इथे येतो तो असा पोत्यातूनच.

पूर्ण वाढलेला नर साधारण 40 ते 49 सेंटिमीटर. खाणं पाला, फुलं, बिया. एका बिळात एकच सांडा, आणि आत गेल्यावर तो तोंड मातीने बुजवून घेतो. सकाळी अंग गडद असतं, म्हणजे ऊन लवकर शोषलं जातं. तापल्यावर ते फिकं पडतं. हिवाळाभर तो बिळातच असतो आणि शेपटीच्या बुडाशी साठवलेल्या चरबीवर जगतो. तेलवाला बाटलीत विकतो ते तेल म्हणजे हीच चरबी वितळवलेली. सांधेदुखी किंवा मर्दानगीसाठी ती उपयोगी ठरल्याचा काहीही पुरावा नाही.

पकडणारे त्याच्या पाठीचा कणा मोडतात. पळता येत नाही, पण जीव जात नाही. न खाता तो बरेच दिवस तग धरतो आणि गिऱ्हाइकासमोर "ताजं" तेल काढता येतं. म्हणून तपासणी कण्यापासूनच सुरू करायची. मागच्या पायाचं बोट चिमटलं आणि पाय आखडला, एवढ्यावर भुलू नये. कणा मोडला तरी ती प्रतिक्रिया उरू शकते. चिमटल्यावर डोकं वळतं का, पुढचं अंग हलतं का, ते पाहायचं. बहुतेकांचं वळलं नाही.

उरलेल्यांना आधी ऊब दिली. गार अंगात सलाईन नीट शोषलं जात नाही. खोक्याच्या एकाच टोकाला बल्ब, खाली 40 अंश. दुसरं टोक गार, म्हणजे त्याला जागा निवडता येते. मग कोमट सलाईन चामडीखाली, 300 ग्रॅमच्या जनावराला दिवसाला 3 ते 6 मिली. अंगात पाणी परतल्यावरच मेथीची पानं. कोणी अंडी आणली, कोणी झुरळं. मोठ्या सांड्याचं ते अन्न नव्हे.

जवळच्या झुडपी जंगलात सोडून द्या, असा आग्रह झाला. तो मी मान्य केला नाही. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात बिळात पाणी भरतं, आणि सततच्या दमटपणाने त्याची फुप्फुसं बिघडतात. शिवाय 2022 च्या दुरुस्तीपासून तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. तो कुठे न्यायचा हे वनविभाग ठरवणार. पंचनाम्यावर मी प्रत्येकाचं वजन आणि कण्याची अवस्था वेगवेगळी लिहिली. कणा कोणी मोडला हा प्रश्न कोर्टात येतोच.