वेबअसेंब्लीच्या मेमरीत दशावतार हरवला तेव्हा

आमचे मामा तरुणपणी दशावतारात पेटी वाजवायचे. त्यांच्या कपाटात जत्रांमधल्या नाटकांच्या कॅसेट पडून होत्या, वेंगुर्ल्याच्या दमट हवेत बुरशी धरत. गेल्या पावसाळ्यात मी त्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. नाटक ऐकू येत होतं, पण त्याच्याइतकीच टेपची सूं पण. ती कमी करणारा सी भाषेतला कोड माझ्याकडे होता. म्हटलं, तो वेबअसेंब्लीत, म्हणजे ब्राउझरला थेट चालवता येणाऱ्या रूपात, कंपाइल करून एक वेब पान बनवू. मामांच्या जुन्या साथीदारांकडेही अशा कॅसेट आहेत आणि प्रत्येकाकडे फक्त मोबाइल. पावसात इथलं नेटवर्क असं की एवढ्या मोठ्या फाइली सर्व्हरवर चढवायचा विचारही नको. जे काय व्हायचं ते ब्राउझरमध्येच.

चाळीस सेकंदांचा तुकडा घेतला, एकदम झकास. मृदंगाची थाप कोरडी, स्वच्छ. मग नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक पूर्ण बाजू टाकली, म्हणजे 45 मिनिटं. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी शेवटपर्यंत गेली, 238 एमबीची वाव फाइल उतरली, लांबी बरोबर, ब्राउझरच्या कन्सोलवर, जिथे चुका दिसतात, एकही लाल ओळ नाही. मामांनी कानाला फोन लावला. दोन मिनिटांनी म्हणाले, "रे झिला, हेच्यात कायच ऐकाक येणा नाय."

खरंच काही नव्हतं. सूंसुद्धा नव्हती.

इथे थोडं मागे जातो. वेबअसेंब्लीची मेमरी म्हणजे बाइटांची एक लांबलचक पट्टी. सीचा कोड तिच्यात पत्त्याने वावरतो. जावास्क्रिप्टला तीच पट्टी अ‍ॅरेबफर म्हणून दिसते आणि तिच्यावर बाइटांकडे आकडे म्हणून पाहणारी खिडकी, म्हणजे टाइप्ड अ‍ॅरे ठेवून आपण वाचतो-लिहितो. भावकीच्या सामायिक जमिनीसारखं: सातबाऱ्यावर नावं दोघांची, कुठे काय पेरलंय ते ज्याचं त्याला ठाऊक. सीमध्ये जागा मागायचं फंक्शन म्हणजे मॅलॉक; त्याच्याकडून मिळतो तो बाइटचा पत्ता. फ्लोट, म्हणजे दशांश आकडा, चार बाइटांचा, म्हणून अ‍ॅरेतल्या जागेसाठी त्या पत्त्याला चारने भागायचं. हे विसरून पहिला दिवस मी खरखर ऐकण्यात घालवला होता, पण निदान खरखर तरी होती.

शांततेचं कारण वेगळं निघालं. सुरुवातीला मी मेमरी दिली होती 16 एमबी, लागली तर वाढू दे असं सांगून. सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने, प्रत्येकी चार बाइट, आत येणारा आवाज आणि बाहेर जाणारा असे दोन गठ्ठे. म्हणजे सेकंदाला साडेतीन लाख बाइट. पाऊण मिनिटाच्या जरा पुढे गेलं की 16 एमबी संपतात. चाळीस सेकंद चालले ते एवढ्याचसाठी. पूर्ण बाजूला एकेक गठ्ठाच 476 एमबीचा. मॅलॉकने मेमरी वाढवली, आणि मेमरी वाढली की जुना अ‍ॅरेबफर निकामी होतो, त्याच्यावरचे सगळे टाइप्ड अ‍ॅरे शून्य लांबीचे होतात. जमिनीची नवी मोजणी झाली आणि मी जुना नकाशा हातात धरून उभा.

पान उघडताना मी 'हीप' नावाच्या व्हेरिएबलमध्ये अ‍ॅरे एकदाच धरून ठेवला होता. सीचा कोड वेबअसेंब्लीत बदलणारं साधन, एमस्क्रिप्टेन, स्वतःचे अ‍ॅरे मेमरी वाढल्यावर बदलून घेतं; माझ्या व्हेरिएबलची त्याला काय खबर? शून्य लांबीच्या अ‍ॅरेत लिहिलं तर जावास्क्रिप्ट गप्प बसते. वाचलं तर अनडिफाइंड, म्हणजे 'काहीच नाही', मिळतं, फ्लोटच्या अ‍ॅरेत ते पडलं की नॅन, म्हणजे 'आकडाच नाही', होतं, आणि नॅन 16 बिटांच्या पूर्णांकात लिहिला की चक्क 0. आत-बाहेर करायला साधा फॉर-लूप लिहिला होता, तिथेच फसलो. अख्खा गठ्ठा एकदम भरणारं 'सेट' वापरलं असतं तर टाइपएरर तोंडावर आला असता. रात्री अकराला कन्सोलवर हीपची लांबी विचारली, उत्तर आलं 0. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

दुरुस्ती एका ओळीची: अ‍ॅरे धरून ठेवायचा नाही, सीच्या कोडला प्रत्येक वेळी हाक मारून झाली की ताजा घ्यायचा.

फोनवर मात्र एवढी मेमरी मिळणं कठीणच. म्हणून 30-30 सेकंदांचे तुकडे केले, सांध्यावर टक् आवाज येऊ नये म्हणून थोडे एकमेकांवर चढवून. तरी मामांच्या फोनवर अर्ध्या वाटेत पान आपोआप परत लोड व्हायचं. चूक माझीच: प्रत्येक तुकड्याला मॅलॉक, जागा परत देणारं फ्री कुठेच नाही. जावास्क्रिप्टची सवय, कचरा कोणीतरी उचलेल. पण तो कचरा उचलणाऱ्या गार्बेज कलेक्टरला त्या पट्टीच्या आत काय आहे ते दिसत नाही. त्याच्या लेखी पत्ता म्हणजे नुसता आकडा. आणि ही मेमरी एकदा वाढली की आकसत नाही. नव्वद तुकड्यांत परत तेच साडेनऊशे एमबी. आता दोन्ही गठ्ठे सुरुवातीला एकदाच घेतो आणि तेच पुन्हा पुन्हा वापरतो. 16 एमबीत सगळं बसतं.

मधल्या काळात एक फाजील उद्योगही झाला. काम चालू असताना स्क्रीन गोठायचा, म्हणून ते वर्करमध्ये, म्हणजे पानामागे वेगळ्या चालणाऱ्या कोडमध्ये, नेलं, आणि मेमरीही शेअर्डअ‍ॅरेबफरने दोन्हीकडे वाटून घेऊ म्हटलं. हे प्रकरण 2018 च्या जानेवारीत स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीमुळे ब्राउझरांनी बंद केलं होतं. परत मिळालं ते अटीवर: पान क्रॉस-ओरिजिन आयसोलेटेड, म्हणजे दुसऱ्या साइटांपासून वेगळं ठेवलेलं हवं, त्यासाठी सर्व्हरने पानासोबत दोन हेडर, म्हणजे ब्राउझरला सूचना, पाठवायच्या. हेडर लावले आणि पानावरचे दुसऱ्या साइटवरून येणारे फोटो गायब. शिवाय मेमरीची कमाल मर्यादा आधीच सांगावी लागते. वाढल्यावर जुना अ‍ॅरे मरत नाही, पण नवी जागा त्याला दिसत नाही, म्हणजे ताजा घेणं चुकत नाहीच. बाइटांची अक्षरं करणाऱ्या टेक्स्टडिकोडरने तर अशा मेमरीतून सीचा एरर मेसेज वाचायलाच नकार दिला. दोन संध्याकाळी घालवून सगळं मागे घेतलं. माझ्या कामाला ते लागतच नव्हतं. वर्कर तुकड्याची प्रत काढतो आणि ती प्रत पोस्टमेसेजने पानाच्या हवाली करतो. प्रत काढावीच लागते, वेबअसेंब्लीचा मूळ बफर ब्राउझर हवाली करू देत नाही. पाच एमबीची प्रत, कळतसुद्धा नाही.

परवा मामांनी पूर्ण बाजू त्यांच्याच फोनवर साफ केली. ओटीवर बसून ऐकत होते, संकासूर आला तसे हसले. मग कपाळाला आठी.

"सूं गेली ता बरा झाला. पण झांजेचो आवाज खंय गेलो?"

झांजेचा किणकिणाट आणि टेपची सूं एकाच वरच्या पट्टीत बसतात, कोड दोघांनाही एकाच मापाने कापतोय. सध्या तिथे किती कापायचं तो आकडा खाली आणतोय, आणि मामा बी बाजू काढून बसलेत.